माप

दोसू आला तो भांडायलाच.
पिवळा शर्ट पाठीला चिकटलेला,
गाडी स्टँडवर लावायच्या आधीच ओरडला:
आब्लावी, तुझ्या मापात पाप आहे.

कोतोनूच्या या कोपऱ्यावर अकरा वर्षं
मी काचेच्या बाटल्यांतून पेट्रोल विकते.
ऊन आरपार गेलं की मधासारखं दिसतं.
लिटर म्हणजे गळ्यावरच्या रेघेपर्यंत,
रेघ मी स्वतः ओढलेली, नेलपॉलिशने.

पूर्वी म्हणे लिटरभरात
पुलापलीकडे दोन खेपा व्हायच्या.
आता दुसरी पुलावरच संपते.
काल एक बाई पोत्यासकट उतरली,
पैसे न देता चालायला लागली.

मी काही बोलले नाही.
भरलेली बाटली मांडीवर घेतली
आणि त्याच्या मागे बसले.
चल काकपोकडे.

वाटेत मी ऐकत होते.
थांबलो की गाडीचा श्वास वरखाली,
आता बंद पडेल, नाही, आता पडेल.
मूठ अर्धी पिळली की ठसके,
मागे काळा धूर, नाकात माझाच धंदा.
पूर्ण पिळली की मात्र
काही झालंच नाही अशी पळायची.
पण या शहरात पूर्ण मूठ पिळायला
रस्ता मिळतो कोणाला?
त्याचं सगळं आयुष्य अर्ध्या मुठीवर.

काकपोने आधी प्लग काढला.
काजळ घालावं तसा काळा.
मग कार्ब्युरेटर खोलून
त्यातली सुई माझ्या तळहातावर ठेवली.
उदबत्तीच्या काडीएवढी, पितळेची,
मधोमध एक पट्टा चकचकीत.
इथे झिजली, तो म्हणाला.
हा जितक्यांदा मूठ पिळतो
तितक्यांदा ती वर जाते, खाली येते,
आणि जाता येता जेटच्या भोकाला घासते.

भोक मला गोलच दिसलं.
त्याने नवी सुई त्यात उभी धरली
आणि जेट उन्हाकडे केला:
एका बाजूला उजेडाची कड,
नखाची असते तेवढी.

एवढ्याशा फटीतून
दुसरी खेप वाहून जात होती.

दोसू माझ्याकडे बघेना.
स्क्रू गोळा करत राहिला,
एकच स्क्रू दोनदा पुसला.
मी बाटली वर धरली. रेघ दाखवली.
तेवढं मी केलं, नाही कशाला म्हणू.

मग काकपोने खालची वाटी उपडी केली.
फडक्यावर थोडं पाणी,
आणि बारीक, राखाडी, चमकणारी
वाळू.

कोणी काही बोललं नाही.
वाळू कुठून येते हे तिघांनाही ठाऊक होतं.
माझा गाळायचा कपडा
भाचीच्या जुन्या गणवेशाचा,
मधोमध विरलेला.
मी तो दोनदा घडी घालून लावते,
घाईत एकदाच.

नवी सुई आणि नवा जेट
एवढे पैसे दोसूकडे नव्हते.
त्याने सुई घेतली.
रुंद भोकात नवी सुई म्हणजे
अर्धीच दुरुस्ती, काकपोने बजावलं,
आणि क्लिप एक खाच वर सरकवली
म्हणजे सुई थोडी खाली बसेल,
तोंड थोडं मिटेल.
महिनाभर काढ असं.
दोन महिनेही निघतील.

परत येताना ठसके कमी होते.
गेले नव्हते.
कोपऱ्यावर त्याने गाडी बंद केली,
बाटली टाकीत रिकामी केली,
पैसे मोजून दिले.
मापाबद्दल अवाक्षर नाही.
मीही वाळूबद्दल नाही.

झिजलेली सुई माझ्याकडेच राहिली,
तळहातावर होती, मुठीत आली.
संध्याकाळी नवं फडकं फाडलं
आणि ती टाचणीसारखी खुपसून
नरसाळ्यावर घट्ट ताणून बसवलं.